गोलात पाणी किती

६ मे १९९०, रवि. जळगाव
धुळ्याची मंडळी मला पाहायला आली. मुलगा तिथल्या डेअरीत दुधाचं फॅट तपासतो. (यापुढे धु.) सोबत त्याचे आईवडील, आणि स्थळ आणणारे आमचे भडगावचे नानामामा. ऊन मरणाचं.
पोहे घेऊन बाहेर गेले तर माझ्याकडे कुणी बघेना. धु. भिंतीवरच्या फोटोसमोर उभा. अमळनेरच्या तेलगिरणीचा फुटबॉल संघ, मध्ये आबा, बॉलवर पाय ठेवून.
"आबा, तुम्ही सेंटर फॉरवर्ड?"
संपलं! रिटायर होऊन जळगावात आल्यापासून आबांना हे कुणी विचारलं नव्हतं. दहा मिनिटांत गाडी तिथे पोचली की देशाकडून खेळताना गोल करणारा आजवरचा सर्वांत मोठा कोण. आबा म्हणाले, पन्नास सालानंतरचा तो हंगेरीवाला, दुसरा होणे नाही. धु. शांतपणे म्हणाला, "आकडा मोठा आहे, मान्य. पण तेव्हा बचावाला माणसं किती असायची? त्या गोलांत पाणी किती, ते आधी तपासायला हवं."
 आणि मी हसले. चांगली मोठ्यानं.
आबा चिडले की थेट अहिराणीवर येतात. "तुले काय समजस? मी मैदानवर खेयेल शे!"
मंडळी चहा न घेता गेली.

७ मे
आबांनी नकार ठरवला. आई म्हणाली, "मुलगा निर्व्यसनी, घर चांगलं, देण्याघेण्याचं नाव नाही. मग खोट काय?"
"हंगेरीत पाणी म्हणाला."
मला कुणी विचारलं नाही. सत्तावीस पूर्ण, आठवी ते दहावीला गणित शिकवते, पण माझं मत कुणाला हवंय. विचारलं असतं तर... सावळा आहे. कान जरा मोठे. याआधीच्या चौघांनी मला पुरणाचे मांडे येतात का विचारलं होतं. यानं काहीच विचारलं नाही. हे चांगलं की वाईट, ठरत नाही.

१५ मे
धु.चं पोस्टकार्ड. आबांच्या नावे. पहिली ओळ क्षमा मागण्याची. दुसरी ओळ "तथापि"नं सुरू. मग कडेच्या समासातसुद्धा फुटबॉल. जुन्या काळी दोन बॅक, आता चार. सबब जुना गोल स्वस्त.
आबांनी जेवण अर्धं टाकून उत्तर लिहिलं. वाचून दाखवलं, आम्हाला नको असताना. "तेव्हा पुढे पाच जण खेळत. म्हणजे गोल पाच जणांत वाटले जात. तरीही एकट्यानं इतके केले, याचा हिशेब तुमच्या यंत्रात बसतो का?"
आई : "मुलीबद्दल काय लिहिलंत?"
आबा : "ते मागाहून."

२७ मे, रवि.
पत्रं सुरूच. पोस्टमन विचारतो, धुळ्याला कोर्टात काही चाललंय का. दुबळ्या देशाविरुद्धचा गोल पूर्ण धरायचा की अर्धा, यावर चार कार्डं खर्ची पडली. आबांचं म्हणणं, आपली पोरं अनवाणी खेळत, त्यांचा गोल दीड धरा.
नानामामा भर दुपारी एसटीनं आले, डोक्याला ओला रुमाल. "धुळेकर विचारतात, होकार की नकार?"
आबा म्हणाले, "इतक्यात कसं सांगू? अजून हंगेरीवर एकमत नाही."
नानामामा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना ताक दिलं. दुसरं काय देणार.

३ जून, रवि.
धु. स्वतः आला! काखेत जुना चामडी बॉल, वादीनं बांधायचा, कुणाच्यातरी माळ्यावरून उतरवलेला. आबांनी लिहिलं होतं की तो बॉल भिजला की दगड व्हायचा, हेडर मारणाऱ्याला देव आठवायचे. धु.ला ते तपासायचं होतं. आमच्या धुण्याच्या बादलीत तासभर बॉल. आईनं फक्त कपाळाला हात लावला.
मग शाळेचं मैदान, टळटळीत ऊन, एक म्हैस. आबांनी लांबून बॉल उडवला. वय बासष्ट, पण पाय अजून... असो. धु. उडी मारून डोक्यानं भिडला. धप्प आवाज झाला आणि तो खाली बसला. बसूनच राहिला. वादीचा वळ कपाळावर.
आबा नाचायचेच बाकी होते. "आता बोल! पाणी कशात होतं?"
घरी मी ओल्या फडक्याची पट्टी ठेवली. आबा शेजाऱ्यांना सांगायला गेलेले. धु. म्हणाला, "बॉल जड होता, एवढं मान्य. तुमचं काय मत?"
मला प्रश्न कळायलाच वेळ लागला. मग बोलत सुटले. म्हटलं, एका वर्षी पेपर सोपा निघतो, एका वर्षी अवघड. नुसते मार्क बघून दोन वेगळ्या वर्षांतली मुलं कशी तोलणार? त्या वर्षी पहिला आलेला दुसऱ्यापेक्षा किती पुढे होता, ते बघा. गोलाचंही तेच. त्याच्याच काळातले बाकीचे कुठे होते?
पट्टी कपाळावर धरून त्यानं बराच विचार केला. "चांगलं आहे," म्हणाला, "पण चूक आहे."
चूक!! पाहुणा आणि जखमी नसता तर...
एक तास भांडलो. गाडी चुकली त्याची.

९ जून
काल वर्ल्डकप सुरू. पहिल्याच दिवशी कॅमेरूननं अर्जेंटिनाला हरवलं. आबा म्हणतात, बघा, दुबळा कोण ते आधी ठरवताच येत नाही. हा मुद्दा मी वापरणार होते.

१९ जून
शाळा सुरू झाली. धु.चं पत्र. माझ्या नावे. पाकिटातून!
कोपऱ्यात जाऊन उघडलं. दोन पानं, माझ्या पद्धतीतल्या चुका. "एखाद्या वर्गात सगळेच ढ असतील तर पहिला येणाऱ्याचं कौतुक किती?" शेवटी एक ओळ : "वळ गेला. थोडं वाईट वाटलं."
आबा दिवसभर घुश्श्यात. "मला कार्ड, तुला पाकीट?" मग संध्याकाळी हळूच, "काय म्हणतो? ढ वर्गाचा मुद्दा? त्याला काय उत्तर देणारेस?"
सांगितलं नाही. माझं उत्तर मी देईन.

१ जुलै, रवि.
आई, आबा, मी धुळ्याला. घर बघायला. धु.च्या आईनं शेवभाजी अशी केली की आबांच्या डोळ्यांत पाणी. इथे मी प्रश्न विचारले. सगळ्यांसमोर. "मी वादात बरोबर ठरले तर कबूल कराल?"
त्याची आई डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण.
तो म्हणाला, "पुरावा बघून."
माझी आई खचली. आबांनी मान डोलावली.
 परतताना एरंडोल आलं तेव्हा आबा खिडकीकडे बघत म्हणाले, "नको गं हे स्थळ."
"का? उद्धट म्हणून?"
"तसं नाही. जावई झाला की जावईबापू म्हणावं लागंल. पाटावर बसवायचं, धोतरजोडी द्यायची. त्याले चूक शे असं कसं म्हनू मग?"
 जळगावात आबांशी फुटबॉल बोलणारा एक माणूस नाही, हे मला आज कळलं. आईला बहुधा आधीच ठाऊक होतं. तिनं पिशवीतून त्यांना पेरू काढून दिला.

२ जुलै
नानामामांचा निरोप : आता काय ते सांगा, धुळेकर थांबणार नाहीत.
शाळेतून आले तर आबा ओसरीवर, हातात पोस्टकार्ड. ढ वर्गाला त्यांनीच उत्तर लिहून टाकलंय, माझ्या वहीतलं चोरून. कार्ड काठोकाठ भरलेलं. फक्त वरची ओळ कोरी.
म्हणाले, "मायना तू सांग. 'चि.' लिहू की 'श्री.'?"
चि. म्हणजे घरचा. श्री. म्हणजे भांडायला मोकळा.
म्हटलं, टपाल उद्या सकाळी निघतं, तोवर सांगते. आबांनी पेनाचं टोपण लावलेलं नाही. मी आत येऊन हे लिहितेय, आणि ते ओसरीवरून दर थोड्या वेळानं खाकरतायत.