चिमणीचा ठसा कानशीने घासून टाकण्याबाबत

मी, जुनी गंजलेली हत्यारे दुरुस्त करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते आज सांगून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नसावे अशी पुष्कळांची इच्छा आहे, पण डॉक्टरांनी कालच तपासून तसा दाखला दिला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवील असा माणूस या घरात अजून जन्माला यायचा आहे.

माझा उजवा हात तीन वर्षांपासून थरथरतो. म्हणून मी सांगतो आहे आणि माझी धाकटी मुलगी लिहून घेते आहे. तिला दोन गोष्टी बजावल्या आहेत. पहिली, या खोलीत जे बोलले जाईल ते अक्षरन् अक्षर उतरवायचे, कोणी मध्ये तोंड घातले तर तेसुद्धा. उद्या कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याच्या तोंडी भलतेच घातले. स्वतःच्या मनाचे मात्र काही घालायचे नाही. दुसरी, माझी सही होईपर्यंत पेन खाली ठेवायचे नाही. लिहिलंस? हे पण लिही.

वकील म्हणाला, सही जमत नसेल तर अंगठा चालतो. अंगठा माझ्या बापाने जन्मभर उठवला, मुकादमासमोर मान खाली घालून. मी सही शिकलो ती म्हातारपणी अंगठ्याला शाई फासून घ्यायला नाही. मी सहीच करणार. मनगट कोणी घट्ट धरले की माझा हात स्थिर राहतो. ते धाकटी धरेल, तिला सवय आहे. सही झाली नाही तर काय, हेही वकिलाने सांगितले. हा कागद रद्दी, आणि सगळे दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. निम्मे निम्मे म्हणजे मी कोणाला काय समजत होतो ते कोणाला कळायलाच नको! ते मला मान्य नाही, म्हणून हा एवढा खटाटोप.

साक्षीला दोघे समोरच्या बाकावर बसले आहेत. एक नाक्यावरचा धारवाला, दुसरा खालच्या मजल्यावरचा शिंपी. दोघांना चहा दिलेला आहे. आता त्यांनी गप्प बसावे.

कलम पहिले. घर.

पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ही मागची कामाची खोली थोरल्या मुलाला द्यावी. थोरला विजेवर चालणाऱ्या यंत्रांच्या दुकानात आहे. दिवे गेले की त्याचे अख्खे दुकान मुके होते. त्याला कानस दाखवली तर पाठ खाजवायला घेईल. गेल्या दोन वर्षांत तो इथे एकदाच आला आणि जिन्यात उभा राहून म्हणाला, बाबा, रॉकेलचा वास कपड्यांना लागतो. तरी घर त्यालाच. त्याने माझे कधी काही शिकून घेतले नाही, त्यामुळे माझे काही बिघडवलेही नाही.

धाकटीने राहायची सोय आपली आपण बघावी. माझा हात थरथरायला लागला तेव्हा प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून ती इथे आली. ये म्हणून मी पत्र पाठवले नव्हते. पेन का थांबलं?

धाकटी : थांबलं नाही.

मग वाच बघू शेवटची ओळ. बरोबर. पुढे.

कलम दुसरे. शिल्लक.

बँकेत जे काही आहे ते थोरल्याच्या मुलांना. मुले मला ओळखत नाहीत, हे त्यांच्या भल्याचेच आहे.

कलम तिसरे. हत्यारे.

या खोलीच्या तिन्ही भिंतींवर रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटे, हातोडे आणि पकडी टांगल्या आहेत. यातली बहुतेक भंगाराच्या ढिगातून आली. काहींवर गंजाची एवढी जाड खपली होती की आत काय आहे ते तोलून ओळखावे लागले. रॉकेलमध्ये भिजत घालायची, तारेच्या ब्रशने घासायची, मुठीला जवसाचे तेल मुरवायचे, पात्याला दगडावर हाताने धार लावायची. गंज काढायचा, पण जुन्या माणसाच्या हाताने मूठ जिथे झिजली ती झीज काढायची नाही. हे ज्याला कळत नाही त्याने दाराचे कोयंडे घासावेत. धाकटीला हे पहिल्या आठवड्यातच कळले, हे तिचे नशीब.

ही सगळी हत्यारे चौकातल्या हॉटेलवाल्याला फुकट देऊन टाकावीत.

धारवाला : काका! अहो, तो व्हार्निश मारून भिंतीला ठोकणार. गिऱ्हाइकं त्यांच्यासमोर उभी राहून फोटो काढणार.

माहीत आहे. पूर्वी तो मागायला आला होता तेव्हा मीच त्याला जिन्यावरून खाली हाकलला होता. आता त्याला बोलवावे. सोललेल्या वायरीसारखी चकचकीत करून टांगावीत म्हणावं. रंध्यांच्या पात्यांना वेल्डिंग करून टाकले तरी माझी हरकत नाही. एकही रंधा, एकही पटाशी धाकटीच्या हाती लागता कामा नये. लागलीच तर थोरल्याने पोलिसात जावे. हे ठळक अक्षरात लिही. ठळक म्हणजे काय ते तुला कळतं.

कलम चौथे. बायकोची पटाशी.

माझी बायको माझ्या सगळ्यात चांगल्या पटाशीने डब्यांची झाकणे उघडायची. सांगून सांगून माझी जीभ झिजली. एकदा तिने पात्याच्या कोपऱ्याचा टवकाच उडवला. मी चार दिवस बोललो नाही. ती म्हणाली, नका बोलू, तेवढीच शांतता. ती गेल्यावर मी त्या पटाशीला धार लावली नाही, टवका तसाच आहे. पटाशी तिच्या फोटोखाली ठेवलेली असते. आईची म्हणून धाकटीने ती माझ्याकडे मागितली होती, रडून मागितली होती. ती थोरल्याला द्यावी. तो त्या पटाशीने डबे उघडील.

कलम पाचवे. साक्षीदारांची येणी.

शिंप्याला काही नाही. मी गंजून जाम झालेली एक मोठी कात्री सोडवून, पाजळून त्याला वापरायला दिली. कापडाची कात्री. याने त्या कात्रीने कॅलेंडर कापले. कागद!

शिंपी : पोरानं कापलं होतं हो ते.

पोर तुझं होतं ना? मग झालं.

धारवाल्याला खिडकीतली रुंद पटाशी द्यावी. ही मी त्याला एकदाच धार लावायला दिली, मला ताप होता म्हणून. याने ती मशीनच्या चाकावर धरली आणि ठिणग्या बघत बसला. पाते निळे पडले. पोलादाचे पाणी उतरले. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पाते निळे पडेपर्यंत तापले की त्याचा कडकपणा जातो, मग कितीही घासा, धार टिकत नाही. ते निळे पाते मी जपून ठेवले आहे. त्याने ते दुकानात दर्शनी भागी टांगावे आणि खाली लिहावे, माझा हात लागला की पाणी उतरते.

धारवाला : वीस वर्षं झाली त्याला, काका.

म्हणून काय निळ्याचं पांढरं झालं? चहा पी.

कलम सहावे. ठसा.

हे मुख्य कलम आहे. बाकीची नाही ऐकली तरी चालतील.

माझ्याकडे बोटाएवढा पोलादी ठसा आहे. टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी चिमणी कोरलेली आहे. काम मनासारखे झाले की मी पात्यावर तो ठोकतो. चिमणीछाप हत्यार म्हटले की सुतार डोळे झाकून घेतात. बायको सगळीकडे सांगत सुटायची की धाकटीला मी लहानपणी चिमणी म्हणायचो आणि तिच्यावरून ठसा केला. यात काही तथ्य नाही. ठसा मला भंगारात मिळाला. मी तिला त्या नावाने कधीही हाक मारलेली नाही.

हात थरथरायला लागला तेव्हा धाकटी माझे मनगट धरायची आणि मी ठसा ठोकायचो. मग ती पात्यांना धार लावायला लागली, कारण दगडावर माझा कोन राहीना. मग घासणे, मग मुठी. पुढे मी खुर्चीत बसून नुसता बघायचो आणि शेवटी ती माझे मनगट धरायची आणि मी ठोकायचो. गिऱ्हाईक येई तेव्हा ती आत जाई. हे ठरलेले होते.

मागच्या वर्षी एक म्हातारा सुतार आला, माझे जुने गिऱ्हाईक. त्याने नवा तयार झालेला रंधा उचलला, फळीवरून एकदा ओढला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा छिलका निघाला, अखंड. त्याने तो उजेडात धरला आणि मला म्हणाला, काका, काय जादू केलीत? या वयात तुमचा हात पहिल्यापेक्षा चांगला झालाय!

त्याने मला मिठी मारली. मी हसलो. ती दाराआड उभी होती, तिच्या हातातले फडकेसुद्धा हलत नव्हते.

ते मला सहन झाले नाही. आजही होत नाही. ती माझ्यापेक्षा चांगले काम करते ते करते, पण एवढे चांगले करायचे काय कारण होते? माझ्याएवढेच केले असते तर कोणाला कळले असते? तिने मुद्दाम केले. त्याच संध्याकाळी ती मला म्हणाली, बाबा, माझा एक वेगळा ठसा करून घेऊ का? तुमच्या चिमणीशेजारी, बारीकसा. मी तिच्या अंगावर तेलाचा डबा फेकला. डबा कपाटावर आपटला, तेलाचा डाग तिथे अजून आहे.

म्हणून असे करावे. मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी, या दोन्ही साक्षीदारांसमोर, धाकटीने स्वतःच्या हाताने हा ठसा नष्ट करावा. ठसा कडक आहे, त्याच्यावर नुसती कानस घसरेल. आधी तो लाल होईपर्यंत तापवावा आणि राखेत गाडून हळूहळू गार होऊ द्यावा. पाणी उतरले की कानस चालेल. मग चिमणी सपाट होईपर्यंत घासावी. आधी चोच, मग पंख. घाई करू नये. दुसऱ्या कोणी हात लावू नये.

आणि पुढे लिही. माझ्याकडे हे काम कोणीही शिकलेले नाही. माझ्या हाताखाली कोणीही तयार झालेले नाही. आजवरचे प्रत्येक चिमणीछाप हत्यार माझ्या एकट्याच्या हातचे आहे. कोणी वेगळे सांगत असेल तर ती व्यक्ती खोटारडी समजावी, मग ती माझी मुलगी का असेना.

काय झालं? लिही.

शिंपी : काका, पोरीकडे बघा तरी.

तिच्याकडे कशाला बघू? कागदाकडे बघतोय. लिहिलंस? वाच.

धाकटी : माझ्याकडे हे काम कोणीही शिकलेले नाही. माझ्या हाताखाली कोणीही तयार झालेले नाही. आजवरचे प्रत्येक चिमणीछाप हत्यार माझ्या एकट्याच्या हातचे आहे. कोणी वेगळे सांगत असेल तर ती व्यक्ती खोटारडी समजावी, मग ती माझी मुलगी का असेना.

आवाज चांगला खणखणीत आहे तुझा. झालं. संपलं. खाली लिही, वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे. ठिकाण, मागची खोली, खिडकीखालचे टेबल. दिनांक, या महिन्याचा शेवटचा रविवार. आता कागद इकडे सरकव थोडा. दुसरं पेन दे. हं. धर मनगट.

धर.

अगं, हात कसा उडतोय बघ, कागदाला टोचतंय नुसतं. धर ना. नुसती काय बसलीस?

धाकटी : नुसती कुठे बसलेय, बाबा? लिहितेय.

पुरे झालं ते. ठेव पेन खाली.

धाकटी : सही होईपर्यंत पेन खाली ठेवायचं नाही, असं वर लिहिलंय. तुम्ही सांगितलंत.

मी सांगितलं, आता मीच सांगतोय ना, ठेव!

धाकटी : तुम्ही अजून बोलताय, बाबा. अक्षरन् अक्षर उतरवायचंय.

बरं. बरं! धारवाल्या, तू ये इकडे. मनगट धर माझं.

धारवाला : मी कशाला? माझा हात लागला की पाणी उतरतं.

शिंप्या, तू.

शिंपी : मी साक्षीला आलोय, काका. साक्षीदारानं बघायचं असतं. मी बघतोय.

हलकट आहात सगळे. माझा चहा पिऊन. दे, मीच करतो. हे बघ. हे... फाटला. कागद फाटला इथे. शाई सांडली. ए, बघत काय बसलीस, तुझ्या बापाचा हात आहे हा! तीन वर्षं धरलास ना? एकदा धर. एवढी सही होऊ दे, मग काय वाटेल ते कर. मला सगळं निम्मं निम्मं नकोय गं. ठसा तुझ्या हातात नकोय जायला. ऐकतेस का? लिहू नकोस ते. लिहू नकोस म्हणतोय.

धर ना.

चिमणे, धर ना हात.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही :

साक्षीदार पहिला, धारवाला : माझ्यासमोर सही झाली नाही.

साक्षीदार दुसरा, शिंपी : माझ्याही नाही.