डोंगरावरच्या वस्तीला दिलेला नकार

जुलैअखेर, रविवार संध्याकाळ

आज ग्रामसभेत आम्ही पाटणच्या डोंगरातल्या वस्तीला नाही म्हणालो. आम्ही म्हणजे मीही, सदस्य म्हणून समोरच बसले होते.

गेली काही वर्षं तिथून तानाजीचा फोन येतो, "ताई, हिकडं लय पाऊस हाय, जनावरं हलवा." त्याच्या एका फोनवर इकडं नदीकाठची आमची खालची गल्ली रिकामी होते. कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, पण माणूस गेलं नाही. आता त्याच्याच वस्तीमागं डोंगराला भेग पडलीय. हात जातो आत, म्हणाला. पावसाळा संपेपर्यंत वस्तीसाठी आमच्या शाळेत जागा मागितली होती.

सरपंच म्हणाले, "पूर आला तर आपली माणसं कुठं न्यायची?" त्यांना चूक तरी कसं म्हणू? गावात उंचावर एक शाळाच तर आहे. पण भेगेत हात जातो.

कळवायचं काम माझ्याकडं आलं. तानाजीला फोनवर नकार सांगितला. मी म्हणाले, "तू बायको-पोरींना घेऊन आमच्या घरी ये."

"आवं ताई, बाकीच्यांना काय सांगून येऊ?"

मग तोच पुढं म्हणाला, "पोरींना तेवढं उद्या एसटीत बसवतो. त्यांच्यासंगं बायकोच्या पाटल्या देतो, जपून ठेवा. थोरलीच्या लग्नाला तुमी हायसाच."

मी नुसतं व्हय म्हणाले.