अहो, दार लावलंत का?

मी, खाली सही करणारा, वय एक्काहत्तर, चोरबाजारातून पोपट सोडवून आणणारा आणि त्यांना पुन्हा रानात सोडणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहीत आहे. हात थरथरतो तो वयाने, कोणाच्या दबावाने नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीस मिळावी.

२. जाळ्या, वजनकाटा व पिल्लांना भरवायच्या नळ्या जनावरांच्या डॉक्टरांना द्याव्यात. तीस वर्षांत त्यांनी एकदाही फी मागितली नाही आणि एकदाही वेळेवर आले नाहीत.

३. मेहुण्यास छदामही देऊ नये. बायकोला पोचवून आलो तेव्हा दारातच म्हणाला, "भावजी, पोपट सोडण्याऐवजी विकले असतेत ना, तर ताईचे हाल झाले नसते." मी विसरलेलो नाही.

४. आता आपला पोपट, बाटल्या. पोरी, हे नीट वाच.

चाळीस पिल्ले आली होती, एकेक प्लॅस्टिकच्या बाटलीत कोंबलेली. हा एकटा जिवंत निघाला, म्हणून हे नाव. आपल्याकडे एकच कडक नियम: पिंजऱ्यापाशी तोंड उघडायचे नाही. माणसाच्या आवाजाला सरावलेला पोपट कोणाच्याही हातावर जाऊन बसतो, की पुन्हा बाटली. तुझ्या आईने हा नियम कधी मोडला नव्हता. आजारपणात उजेड मिळावा म्हणून मीच तिची खाट पिंजऱ्याशेजारी टाकली. तिथून ती रोज संध्याकाळी विचारायची, "अहो, दार लावलंत का?"

ती गेल्यावर नवव्या दिवशी बाटल्याने विचारले. तोच आवाज, शेवटी तोच खोकला. मी म्हणालो, "लावलं गं." बारा वर्षे रोज म्हणत आलो.

सर्वांना सांगितले, त्याचा पंख अधू आहे. साफ खोटे. पंख ठणठणीत आहे. पण सोडायचा तर आधी मोठ्या पिंजऱ्यात रानपोपटांबरोबर ठेवून, माणसाचा शब्द कानी पडू न देता, त्याला हा आवाज विसरायला लावावा लागेल. तिला दुसऱ्यांदा पोचवणे माझ्याच्याने झाले नाही. आणि दर रविवारी तू फोन पिंजऱ्याला लावायला सांगायचीस.

ते काम आता तुझ्यावर टाकतो. माफ कर गं. आवाज फोनमध्ये भरून ठेवायचा तर ठेव. मीही ठेवला होता, पण फोन उत्तराची वाट पाहत नाही.

सुरुवातीला तो विचारेल. उत्तर देऊ नकोस. खोकेल, तरी नाही. ज्या आठवड्यात एकदाही विचारणार नाही, तो संपेल त्या सकाळी दार उघड, आणि उघडेच ठेव.

सही: (थरथरती, पण माझीच)

साक्षीदार:
१. जनावरांचे डॉक्टर (पंखाचे खोटे यांना ठाऊक होते, गप्प राहिले)
२. शेजारीणबाई

ठिकाण: पिंजऱ्याशेजारची खोली
दिनांक: सात फेब्रुवारी, संध्याकाळ. त्याने आत्ताच विचारले.