दसऱ्याच्या आत क्लच

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पुलाच्या चढावर गाडी थांबली. इंजिन ओरडतंय, गाडी जागेवर. मागे अख्खी डोंबिवली हॉर्न वाजवत होती. मी घाबरलो नाही. फक्त काचा वर केल्या. शेवंती शेजारी डोळे मिटून बसलेली. गाडीत तिला नेहमी छान झोप लागते.
गॅरेजवाला म्हणाला, काका, क्लच प्लेट जळाली, तुम्ही सगळा वेळ क्लचवर पाय ठेवूनच चालवता. मी म्हटलं, मग कुठे ठेवू, ऐन वेळी सापडायला नको? तो हसला. हसणाऱ्याच्या हातात गाडी द्यायची नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार
सुदेश म्हणतो, अप्पा, विकून टाकू. मानपाड्याचा भिवा जुन्या गाड्या घेतो. गाडीचं वय झालं. गाडीचं म्हणताना बघत माझ्याकडे होता.
मी विचारलं, दर दसऱ्याला तुझ्या आईला शहाडला केशरबाईकडे सोनं द्यायला कोण नेतं? आपली गाडी. शेवंतीची ती एकच बहीण, आता जिना उतरत नाही. सुदेश म्हणाला, रिक्षा मेल्या का?
शेवटी ठरलं. दसऱ्याला गाडी शहाडला पोचली तर राहील. नाही पोचली तर भिवा. चिरंजिवांनी शब्द दिला, मीही दिला.
क्लच मी स्वतः बदलणार, आमच्याच पार्किंगमध्ये. उभा जन्म कंपनीच्या स्टोअरमध्ये गेला. सातवी नापास असलो तरी नट-बोल्ट मला नावानिशी ओळखतात. लावायचं काम फिटरचं, पण द्यायचो मीच.

१४ सप्टेंबर, रविवार
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. माणूस तमीळ बोलतो, गाडीही दुसरी आहे. पण क्लच तो क्लच. आवाज बंद केला की सगळं समजतं. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे, मधली प्लेट काढायची, नवी घालायची. सँडविचच आहे.
जॅक निसटला तर? गाडी अंगावर आली तर? इन्शुरन्स गाडीचा आहे, माझा संपला.

१५ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्ष चालू आहे. नवी वस्तू आणायची नाही. पण जुनी उघडायला कुठल्या पोथीत बंदी नाही. शेवंतीला सांगितलं. ती म्हणाली, पितर वरून बघतायत, निदान त्यांच्यासमोर तरी हसं करून घेऊ नका.

१६ सप्टेंबर, मंगळवार
कामाला सुरुवात. बॅटरी काढली. कंबर धरली. आजच्यापुरती प्रगती समाधानकारक.

१७ सप्टेंबर, बुधवार
निघालेले नट-बोल्ट साइजप्रमाणे लावून ठेवले. शेवंतीचा मिसळणाचा डबा त्यासाठी फार सोयीचा आहे. हळद, तिखट, मोहरी एका ताटात काढून ठेवली. ती म्हणाली, आज आमटीला फोडणी तुमच्या वॉशरची. संध्याकाळी खरोखरच एक दाताखाली आला. सांभाळून परत ठेवला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
तमीळ माणूस आधी गिअरबॉक्सचं तेल काढून घेत होता. मला वाटलं, साफसफाई करतोय. त्यामुळे चाकाचा दांडा ओढल्याबरोबर सगळं तेल पार्किंगभर. मी भुसा आणायला गेलो तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी आनंदा दुधाची पिशवी घेऊन त्यावरून गेला. म्हणजे गेला तो बसूनच, थेट लिफ्टपर्यंत. उठून म्हणाला, दगडूभाऊ, रविवारी सर्वपित्री आहे, माझंही पान वाढून ठेवा.
माणूस चिडका. तेल सगळ्यांना दिसत होतं.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री
गिअरबॉक्स उतरवला. सुदेश आणि वॉचमनने धरला, पण सूचना माझ्या. ठेवायला काही नव्हतं म्हणून देवघरातला चौरंग आणला. मापात बसला.
गच्चीवर पान ठेवलं तर कावळा शिवेना. खाली येऊन गाडीच्या बॉनेटवर बसला. वडा तिथे नेऊन ठेवला, लगेच उचलला. वडिलांची संमती आहे. सुदेश म्हणाला, आजोबांना गाडीच नको होती, ते तेच सांगायला आले असतील.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
शेवंती चौरंग मागायला पार्किंगमध्ये आली. वर गिअरबॉक्स. विचारते, देवीला कुठे बसवू, याच्या मांडीवर? घट शेवटी टीपॉयवर बसला. देवी ॲडजस्ट करते. बायको बोलून दाखवते.
मग मी आणि शेवंती जाऊन नवी प्लेट आणली. दुकानदार म्हणाला, काका, हिला तेलाचा हातही लावू नका, कोरडी राहू द्या, हिचं काम घासण्यावर चालतं. मी ऐकून घेतलं. बिनतेलाचं लोखंड म्हणजे गंज, हे स्टोअरच्या माणसाला सांगायला हा निघाला.

२५ सप्टेंबर, गुरुवार
बीपी वर. काम बंद. समोरच्या मैदानात गरब्याचा आवाज, एकाग्रता होत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
सुदेशने विचारलं, कुठवर आलं? निरीक्षण चालू आहे म्हटलं. तो म्हणाला, गाडी जॅकवर, गिअरबॉक्स चौरंगावर, तुम्ही खुर्चीवर. निरीक्षणच दिसतंय.

३० सप्टेंबर, मंगळवार
उद्या सकाळी फिटिंग, दुपारी ट्रायल, संध्याकाळी धुलाई. परवा दसरा, थाटात शहाड. हे आता कोणी अडवू शकत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
सकाळी खाली जातो तर पाने गायब. वर आलो. शेवंतीने पाटावर सगळे पाने, हातोडी, जॅकचा दांडा, शेजारी तिची विळी आणि शिलाई मशीन मांडून पूजा उरकलेली. झेंडूत माझा चौदाचा पाना ओळखू येईना. पूजेला बसलेलं हत्यार आज उचलायचं नाही. शेवंती म्हणाली, वर्षातून एक दिवस त्यांनाही तुमच्यापासून सुट्टी.
फार वाईट वाटलं. चहा घेतला, आडवा झालो.
उठल्यावर लक्षात आलं, मुख्य वस्तू पूजेला राहिलीच. नवी प्लेट काढली. समईतलं तेल घेऊन दोन्ही बाजूंनी चोपडली. आरशासारखी चमकली. वर हळद-कुंकू. शेवंती म्हणाली, अहो, दुकानदार काय म्हणालेला? मी म्हटलं, तो विकणारा. चालवणार मी आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळी
उजाडायच्या आत सुदेशला आणि वॉचमनला उठवलं. प्लेट मी स्वतः बसवली, सुदेश तेव्हा चहाला गेलेला. नंतर सगळ्यांनी मिळून गिअरबॉक्स चढवला. काही बोल्ट उरले. स्टोअरमध्ये शिल्लक असणं चांगलं.

दुपारी
बॉनेटला हार. चाकाखाली लिंबू. शेवंती नव्या साडीत, मांडीवर आपट्याची पानं. सुदेश मागे. अख्खी सोसायटी गॅलरीत. पहिला गिअर टाकला, गाडी निघाली. फाटकाच्या उतारावरून अशी उतरली की टाळ्या पडल्या. आनंदानेही वाजवल्या.
उतार संपला. गाडीही.
इंजिन ओरडतंय, गाडी जागेवर. ॲक्सिलरेटर दाबला तर बॉनेटमधून धूर. वास मात्र देवघरातला. आनंदाने खिडकीत डोकं घालून विचारलं, आत आरती चालू आहे का? सुदेशने वास घेतला. म्हणाला, अप्पा, प्लेटला तेल लावलंत? मी म्हटलं, पूजेपुरतं. तो फुटपाथवर बसला आणि हसायला लागला. तो ओरडेल अशी माझी तयारी होती, हसण्याची नव्हती.
मग त्याने रिक्षा थांबवली आणि आईला घेऊन गेला. शेवंती म्हणाली, तुम्हीही चला. मी म्हटलं, रस्त्यात गाडी सोडून कसा येऊ? हार चोरीला जातात.
केशरबाईचा फोन आला. म्हणाली, भावजी, सोनं पोचलं, मोटार कुठवर आलीये? ट्रॅफिक आहे म्हटलं.

संध्याकाळी
शेवंती खुशीत परतली. म्हणे रिक्षाला वारा छान लागतो. म्हणे शहाडला नदी दिसते, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा पाहिली, एरवी तुम्ही चालवताना डोळे उघडायची हिंमत होत नाही.
माझ्या मनाला लागू नये म्हणून असं म्हणते. भाऊबीजेला भावाकडे जायलाही तोच रिक्षावाला सांगून ठेवलाय. मन जरा जास्तच राखते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सुदेशला म्हटलं, दसरा काल होता खरा, पण दिवाळीचा पाडवाही मुहूर्तच आहे. त्याने भिवाला फोन लावून माझ्या हातात दिला. मी शब्दाचा पक्का. या म्हटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार
भिवा टेंपो आणि दोरखंड घेऊन आला. म्हणाला, ओढताना आत स्टिअरिंगला कोणीतरी लागतं. सुदेश पुढे झाला. मी म्हटलं, ही गाडी दुसऱ्याच्या हाताला वळत नाही.
मानपाड्यापर्यंत मीच नेली. भरपूर ट्रॅफिक, खड्डे, एक बैल. कोणी हॉर्न मारला नाही. इतक्या वर्षांत गाडी इतकी सुंदर कधी चालवली नव्हती. हे सुदेशने पाहायला हवं होतं. तो टेंपोत पुढे बसलेला, मागे वळून बघत नव्हता.
भिवाच्या आवारात थांबलो. त्याने दोर सोडला आणि म्हणाला, काका, पोचलो, उतरा. मी म्हटलं, हँडब्रेक ओढतोय. थोड्या वेळाने पुन्हा आला. म्हणाला, काका, ओढलाय की. मी म्हटलं, नीट बसलाय का ते बघतोय.
मग सुदेश येऊन शेजारच्या सीटवर बसला. तोही बघत राहिला.