मतपेटीशेजारचं पातेलं

बाबा, तुम्ही चुकलात. तुम्ही असताना हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी कधी छाती झाली नाही, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही रागावण्याचीही सोय उरली नाही. तरी लिहिते आहे, कारण शनिवारपासून मी कुवेतमध्ये अशा ताठ मानेनं हिंडते आहे, जणू ती निवडणूक मीच लढवली.

आपल्या घरात त्या देशाचं नाव कुणी घेत नसे. 'तिकडे' एवढंच म्हणायचं. तिकडे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं ते लाल मातीचं गाव, जिथे तुम्ही नाशिक सोडून फिजिक्स शिकवायला गेलात आणि तुमच्यामागून आई नि मी. वसतिगृहातली निम्मी मुलं मुसलमान, निम्मी ख्रिस्ती, आणि बोकड कुणी कापायचा यावरून एकदा त्यांचं असं वाजलं की एका स्वयंपाकघरात दोन चुली झाल्या. हेडमास्तरांनी मुलांनाच सांगितलं, मतं द्या आणि तुमचा खाण्याचा कारभारी निवडा. त्यांनी तुम्हाला निवडलं. जो मटण खातच नाही तो मटणात लबाडी कशाला करील, असा त्यांचा साधा विचार होता. आई हसून हसून बेजार झाली. आणि निवडून आल्यावर तुम्ही काय केलंत, तर मटणच कमी केलंत आणि पामतेलात लाल मिरची घालून चवळीची उसळ सुरू केलीत, एकाच पातेल्यात, सगळ्यांसाठी. दोन्हीकडची मुलं एकदिलानं तुम्हाला शिव्या घालायला लागली. तुम्ही आईला म्हणालात, "शिव्या घालायला तरी एकत्र बसतात ना."

मग एका सकाळी रेडिओवर बातम्यांऐवजी नुसता बँड वाजत राहतो. मध्येच एका लष्करी अधिकाऱ्याचा आवाज येतो, की सरकार बरखास्त झालं आहे. तुम्ही अर्धी दाढी करून, गालाला साबण तसाच ठेवून उभे आहात, आणि मला वाटतंय की आज शाळेला सुट्टी मिळणार. सुट्टी मिळते, ती संपतच नाही. काही आठवड्यांनी बाजार पेटतो, दोन्ही बाजूंनी, आणि त्या आगीत वसतिगृहाची जेवणाची खोलीही जाते. आपण एका मालट्रकच्या मागे बसून ते गाव सोडलं. नाशिकला आल्यावर तुम्ही त्या सगळ्या वर्षांबद्दल एवढंच बोललात, "पालथ्या घड्यावर पाणी." चवळी आपल्या घरात पुन्हा शिजली नाही. पुढे मला कुवेतची नोकरी लागली, तेव्हा पाया पडले तर आशीर्वाद द्यायचा सोडून तुम्ही बजावलंत, "नोकरी कर, जीव लावू नकोस. परक्या गावात केलेलं काही उरत नाही." मी ते इमानानं पाळलं. जाब्रियातल्या हॉस्पिटलात रक्त तपासायचं, महबूलाच्या फ्लॅटवर येऊन झोपायचं, आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही. माझ्या मुलीला मराठीत काही विचारलं तर ती इंग्रजीत उत्तर देणार, असा तिचा वेगळाच अलिप्तपणा.

आमच्याकडे एक सिस्टर आहे, तिकडची. बरीच वर्षं आम्ही नुसत्या हसून पुढे जात होतो. गेल्या वर्षी जेवताना तिनं आपल्या गावाचं नाव घेतलं आणि माझा घास हातातच राहिला. तिचे वडील तुमच्या वसतिगृहातले निघाले. फोनवर पहिल्यांदा बोलले तर म्हातारा मला काय म्हणतो, "तुझ्या बापाच्या चवळीनं आमच्या जन्माचं वाटोळं केलं." आणि मग इतका वेळ हसत राहिला की सिस्टरला त्याच्या दम्याची काळजी वाटायला लागली.

यंदा तिकडे निवडणूक आली आणि हवा पुन्हा नासली. फोनवर निरोप फिरायला लागले की त्यांच्या हातचं खाऊ नका, ते विष घालणार आहेत. मुसलमानांना ख्रिस्त्यांबद्दल हेच, ख्रिस्त्यांना मुसलमानांबद्दल हेच, शब्दही तेच. मागच्या खेपेला मतमोजणीच्या वेळी लोक जेवायला घरी गेले आणि तेवढ्यात गुंडांनी पेटी पळवली होती. म्हणून सिस्टरच्या वडिलांनी आणि त्यांच्या वसतिगृहातल्या मुसलमान मित्रानं ठरवलं, की मोजणी संपेपर्यंत शाळेच्या अंगणातून कुणी हलायचं नाही, जेवणही तिथेच शिजवायचं. दोघांनाही धमक्या आल्या. "मी त्यांना सांगितलं, घरात बसा, तुमचं वय झालं," सिस्टर मला म्हणाली. "ते म्हणतात, वय झालं म्हणूनच जातो."

शनिवारी सुट्टी, म्हणून मी तिला घरी बोलावलं. वरण-भात केला, खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, खुबूसच्या रोट्याही आणल्या, पण खाल्लं कुणीच नाही. तिचा भाऊ तिकडून व्हिडिओवर सगळं दाखवत होता. तुमचं अंगण, बाबा. झाडाखाली टेबल, टेबलावर मतपेटी, आणि शेजारी दगडांच्या चुलीवर एक भलंमोठं पातेलं. "व्हॉट्स इन दॅट?" माझ्या मुलीनं विचारलं. सिस्टर फोनवरची नजर न काढता म्हणाली, "बीन्स. युवर ग्रँडफादर्स बीन्स." दोघा म्हाताऱ्यांनी सगळ्यांदेखत एका ताटलीतून पहिले घास घेतले. बराच वेळ दुसरं कुणी पुढे होईना. मग एक ख्रिस्ती बाई उठते आणि वाढणाऱ्या मुसलमान पोरीच्या पळीखाली ताटली धरते. तिच्यामागे आणखी एक. मग रांगच लागते. विषाची अफवा त्या पातेल्यापाशी मेली.

गुंडांच्या मोटारसायकली आल्या तेव्हा चित्र थरथरायला लागलं. सिस्टरनं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून वळ आहे. तिकडे कुणी पळालं नाही. हातात ताटल्या तशाच घेऊन लोक टेबलाभोवती आणखी दाटीनं उभे राहिले, बायका पुढे, आणि ते दोघे म्हातारे पेटीला पाठ लावून. मोटारसायकली थोडा वेळ घरघरल्या आणि निघून गेल्या. मग मोजणी सुरू झाली. एकेक मतपत्रिका वर धरायची आणि सगळ्या अंगणानं मिळून आकडा म्हणायचा. माझी मुलगीही इंग्रजीत मोजायला लागली. मी मराठीत मोजत होते, हे मला तिनं नंतर सांगितलं.

सिस्टरच्या वडिलांचा उमेदवार पडला. ते फोनवर आले ते घामानं निथळत, हसत. "हरलो," म्हणाले, "पण सगळ्यांसमोर मोजून हरलो. असं हरायला मिळावं म्हणून मी उभा जन्म थांबलो होतो." मागून त्यांचा मित्र ओरडत होता, उरलेली चवळी हरलेल्यांनी संपवायची. मी आणि सिस्टर एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो आणि मग गार वरण-भात आम्ही दोघींनी चाटूनपुसून खाल्ला.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, देशाची होत नाही. कबूल. शेजारच्या जिल्ह्यात मोजणी अर्धवट राहिली, आता कोर्टकचेऱ्या होतील, आणि फोनवरचे ते निरोप पुढच्या वेळीही फिरतील. पण तुमचा घडा सुलटाच होता, बाबा. भरायला तुम्हाला वाटलं त्याहून फार वेळ लागला, एवढंच. मला तुमचा इतका अभिमान वाटतो आहे की तो कुठे ठेवू हे कळत नाही. आणि जीव लावू नकोस हा तुमचा हुकूम मी शनिवारपासून मोडला आहे.

हे पत्र कुठे टाकणार, तुम्हाला पत्ता नाही. पण खरं सांगू का, पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही उलट टपाली उत्तर धाडलं असतं, आणि तुमच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेले नाही. एवढी एक बाजी माझ्याकडे राहू द्या.