दाराशी टांगलेला डबा

प्रिय लुविमिंदा,

तुझ्या नवऱ्याने थिनरचा डबा माझ्या डोक्यावर रिकामा केला आणि तो लायटरसाठी खिसे चाचपू लागला. माझे डोळे भाजत होते. नीट दिसत नव्हतं, त्याची धूसर आकृती आणि आवाज तेवढा. “पत्ता सांग, म्हातारे. माझी बायको कुठे लपवलीस?”

आला तेव्हा हसत आला होता. “इमा, जेवलात का?” म्हणाला, तुझ्यासारखीच आई म्हणून हाक मारली. मी एका शवपेटीच्या झाकणावर लॅकरचा शेवटचा हात मारत होते. बाकीची माणसं मागे भात खायला बसली होती. आर्सेन्यो इथे पॉलिशचं काम करायचा तेव्हाही अशाच वेळी माझ्याजवळ येऊन बसायचा, माझ्या डब्यातले सुके मासे पळवायचा. मला वाटलं, माफी मागायला आलाय.

त्याने डावा खिसा पाहिला, उजवा पाहिला, मागचा पाहिला. शिवी घातली. मग थांबला. मी डोळे पुसले तेव्हा तो दाराकडे बघत होता.

दाराशी दुधाचा रिकामा डबा टांगलेला असतो, तुला आठवत असेल. जुनी शेड जळाल्यापासून आत येणारा प्रत्येक जण आपला लायटर त्यात टाकतो. शेड नवी झाल्यावर आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्रीबाबांनीही मुकाट्याने काडेपेटी टाकली होती. आर्सेन्यो मला जाळायला आला होता, आणि आत शिरताना सवयीने लायटर डब्यात टाकून आला होता.

मला हसू आलं. ते त्याला सोसलं नाही. त्याने माझे केस धरून तोंड ओल्या झाकणावर आपटलं, पुन्हा आपटलं. हातात स्प्रे गन होती, ती मी त्याच्या तोंडावर मारली. दात पडल्याचा आवाज मी ऐकला. तो दाराकडे धावला, डब्यात हात घातला, तेवढ्यात आपला म्हातारा सुतार तातांग सिलो जेवण टाकून, लाकडी हातोडा घेऊन आला. “गाढवा, सासू आहे ती तुझी!” म्हणाला आणि त्याचं मनगट फोडलं. गावप्रमुख कॅप्टनची माणसं त्याला घेऊन गेली. घरचं भांडण आहे, म्हणाली, रात्रभर बसवतो, थंड होईल.

फोनवर तू त्याची बाजू घेतेस आणि मी गप्प बसते, म्हणून लिहिते आहे. तू म्हणालीस, इमा, त्याने दारू सोडलीय असं ऐकलं, पोरीला घेऊन शनिवारच्या बोटीने परत येऊ का? दारू त्याने खरंच सोडलीय. तो माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडत होता, वास आला नाही. पूर्ण शुद्धीवर होता. येऊ नकोस.

आज सकाळी त्याला सोडलं. हात गळ्यात बांधलेला होता. तो सरळ शेडच्या दारापर्यंत आला आणि तातांग सिलोकडे त्याने आपला लायटर मागितला.

तुझीच,
इमा