थंड पाण्यातलं पीठ

किबुंदा गाव,
१० ऑगस्ट

चि. लुझोलो हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ट्रकवाल्याने दिलं. किन्शासात साबण महाग झाला म्हणून रडतेस? इथे अंघोळीचं पाणीच महाग आहे, तेव्हा उगाच ऐट नको.

आता वाईट बातमी. माझी थोरली माकिएसे परवा सकाळी उठली ती उभीच राहीना. ताप नाही, दुखणं नाही, पण पाय ताठ होऊन एकमेकांत अडकलेत. या कोरड्या हंगामात गावातलं हे तिसरं पोर. सासूबाई म्हणतात, मामाने जादूने पाय बांधले. माझ्या लग्नातली मानाची बकरी आपल्या कियाला दादाला मिळाली नाही, त्याचा राग भाचीवर निघाला. तो येऊन राग सोडेपर्यंत मी अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. दादा अंगोलात खाणीवर, जिवंत आहे की नाही देव जाणे. नवराही तिकडेच. मी इथे कोंडलेली.

कडू कसाव्याचे कंद तीन रात्री ओढ्यात भिजवायचे, ही आपल्या आईची रीत. सासूबाई विक्रीचा माल नेणारा ट्रक गाठायचा म्हणून एका रात्रीतच काढून कुटतात. घरातही तेच पीठ. धाकटी तुमा अजून पळते आहे. तिच्या पायांकडे बघण्यातच माझा दिवस जातो. एवढी शिकतेस, काहीतरी सांग गं.

माया तर आहेच, पण या वेळी उत्तरही धाड.
तुझी ताई,
न्लांदू

किन्शासा,
१९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग पुस्तकं काढली. आता माझी ऐट थोडी सोसून घे.

दादाने काहीही बांधलेलं नाही. कसाव्यात विष साखरेला जखडलेलं असतं, आणि ते सोडवणारं एन्झाइम शेजारच्या खोलीत, मधे भिंत. कंद भिजला, कुटला की भिंत पडते. एन्झाइमच्या अंगात एक खोबण असते. विषाचा कण तिच्यात नेमका बसतो, तिथे ओढाताण होऊन साखर तुटते आणि सुटलेलं विष हवेत उडून जातं. खोबण रिकामी झाली की पुढचा कण. एन्झाइम त्यात खर्च होत नाही, त्याला फक्त ओल आणि वेळ लागतो. सासूबाई तोच वेळ कापतात.

पीठ तर अंगणातच असतं ना? ते थंड पाण्यात कालव, चटईवर पातळ पसर, दुपारभर सावलीत ठेव आणि मग चुलीवर त्याचा घट्ट लुकू घाट. उकळतं पाणी आधी घालू नकोस, त्याने खोबणीचा आकारच बिघडतो आणि विष तसंच राहतं.

ताई, तुमा वाचेल. माकिएसेचे पाय मात्र परत येणार नाहीत.

मुलींना पापे. रागावलीस तरी मला टाकू नकोस.
तुझी,
लुझोलो

किबुंदा गाव,
३० ऑगस्ट

चि. लुझोलो हिस तुझ्या ताईच्या सासूचे आशीर्वाद.

शब्द माझे, अक्षर तुझ्या ताईचं. घरात दुसरं लिहिणारं कोण आहे?

तुझ्या नादाने ही चटईवर पीठ पसरते. कोंबड्या तुडवतात, शेजारणी हसतात. मी त्यावर उकळतं पाणी ओतलं, जादू मोडायला आगच लागते. तर हिने शिजलेला लुकू अंगणात उपडा केला! भुकेच्या साली! मी हिला खोलीत कोंडलं.

तुमा दाराशी रडत होती. मी पुन्हा एका रात्रीतलं पीठ घेऊन लुकू घाटायला बसले, तर ही आतून ओरडली, की एक दुपार थांबा, मग हवं तर मला हाकलून द्या. आजवर ही माझ्यापुढे कधी तोंड वर करून बोलली नव्हती. का कोण जाणे, मी थांबले. पीठ थंड पाण्यात मीच कालवलं. आता कोंबड्याही मीच हाकते. तुमा पळते आहे. तुझी ताई मात्र मामा येईपर्यंत अंगणातच राहील, रीत ती रीत.

आता एक विचारते. जखडलेलं सोडवणारं काहीतरी त्या ओल्या पिठात आहे, असं तू लिहिलंस म्हणे. मी ते पीठ रोज माकिएसेच्या पायांना चोळते आहे. पाय कधी सुटतील? लवकर कळव. म्हातारीवर लोभ धर.

ता. क. हे माझे शब्द. तुझ्या पत्रातलं माकिएसेच्या पायांबद्दलचं ते एक वाक्य मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. आता पत्राच्या सुरुवातीलाच तेच लिही. वाचून मलाच दाखवावं लागेल, आणि माकिएसे त्यांच्या मांडीवर असेल.
न्लांदू